रात्रीची वही : सोलापुरात सहभागी निरीक्षण करणाऱ्यांसाठी

सोलापुरात कुणाच्या दारात उभं राहिलं की दुसऱ्या मिनिटाला "या की, बसा" ऐकू येतं आणि पाचव्या मिनिटाला चहा येतो. सहभागी निरीक्षण, म्हणजे लोकांत राहून त्यांचं जगणं पाहणं आणि लिहिणं, शिकणाऱ्यांची पहिली फसगत इथेच होते. बसायला मिळालं म्हणजे संशोधन सुरू झालं असं वाटतं. महिनाभर वस्तीत बसून आलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत. त्यांच्याकडे किस्से भरपूर असतात आणि वही जवळजवळ कोरी. कट्ट्यावर गप्पा मारणारा आणि मानवशास्त्राचा अभ्यासक दोघंही लोकांतच बसलेले असतात. घरी गेल्यावर एक झोपतो आणि दुसऱ्याला लिहायला बसावं लागतं. हा लेख त्या दुसऱ्यासाठी आहे.

उदाहरण सगळीकडे एकच घेते : शहराच्या पूर्व भागातल्या, घरी विड्या वळणाऱ्या बायका. ते क्षेत्रकाम मी स्वतः केलं आहे, त्यात चुकाही केल्या आहेत. तुमचा विषय यंत्रमागाचा कारखाना असो की मार्केट यार्डातला कांद्याचा लिलाव, पायऱ्या साधारण याच राहतील.

विचारून जे कळत नाही ते

सुरुवातीच्या मुलाखतींत मी विचारायची, "दिवसाला किती तास काम करता?" उत्तर यायचं, "सहा-सात तास." प्रश्नावली असती तर हाच आकडा तक्त्यात गेला असता. पण त्या घरात बसू लागल्यावर दिसलं की पानं भिजवण्याची तयारी आदल्या रात्रीच झालेली असते. सकाळी भाजी फोडणीला टाकून बाई कात्री हातात घेते. सासू एका कोपऱ्यात वळलेल्या विड्यांची तोंडं बंद करत असते, शाळेतून आलेली मुलगी पंचवीस-पंचवीसच्या जुड्या बांधते. बाई खोटं बोलली नव्हती. तिच्या लेखी काम म्हणजे सूप मांडीवर घेऊन विडी वळणं, बाकीचं सगळं 'घरातलं'. माझा 'काम' हा शब्द तिच्या शब्दापेक्षा मोठा होता आणि हे विचारून कधीच कळलं नसतं.

सहभागी निरीक्षण म्हणजे लोकांच्या रोजच्या जगण्यात दीर्घकाळ राहून, जमेल तेवढा त्यात हात घालून, ते पाहणं आणि पद्धतशीर नोंदवणं. मानवशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्हस्की १९१५ ते १९१८ या काळात दोन मोठे मुक्काम करून ट्रोब्रियांड बेटांवर राहिले. त्यांचा तंबू गावातच होता. त्याआधी बरेच अभ्यासक साहेबाच्या व्हरांड्यात बसून 'माहीतगार' माणसांना बोलावून घेत. १९२२ साली आलेल्या त्यांच्या ग्रंथाने ही पद्धत अभ्यासकांत रुजवली. व्हरांडा मात्र अजून गेलेला नाही. आता तो वातानुकूलित गाडीत असतो. दोन दिवसांची 'फील्ड व्हिजिट' करून अहवालात सहभागी निरीक्षण लिहिणाऱ्यांना माझी हरकत आहे. त्याला भेट म्हणावं.

प्रश्न लहान, जागा जवळची

'सोलापुरातील विडी कामगार महिलांच्या समस्या' हा प्रश्न नाही, ते पुस्तकाच्या पाठीवरचं नाव आहे. निरीक्षणाला प्रश्न असा लागतो की ज्याचं उत्तर डोळ्यांसमोर घडताना दिसेल. माझा प्रश्न चार वेळा बदलला आणि शेवटी असा झाला : कारखान्यात विड्या जमा करताना 'छाट' निघते, म्हणजे खराब म्हणून विड्या बाजूला काढल्या जातात, तेव्हा कोण काय बोलतं आणि कुणाचं चालतं? हजार विड्यांसाठी पान-तंबाखू मोजून-मापून मिळते. पान कमी पडलं तर बाईला पदरचे पैसे घालून विकत घ्यावं लागतं. त्यात छाट निघाली की मेहनत आणि पान दोन्ही गेलं. त्यामुळे या एका क्षणात मजुरी, मान आणि ओळखपाळख सगळं एकदम दिसतं.

प्रश्न बदलला म्हणून घाबरू नका. तीन महिन्यांनी तो जसाच्या तसा उरला असेल तर मात्र काळजी करा, कारण तुम्ही बहुधा काहीच ऐकलेलं नाही.

जागा अशी निवडा की आठवड्यातून चार वेळा जाता येईल. अभिजात पद्धतीत निदान एक पूर्ण वर्ष सांगतात, म्हणजे सगळे ऋतू आणि सण डोळ्यांखालून जातात. एम. ए.च्या प्रबंधाला तेवढा वेळ नसतो. मग तीन महिने, चाळीसेक भेटी, पण एकाच गल्लीत. पाच वस्त्यांत आठ-आठ भेटी देऊन 'तुलनात्मक' काम करण्याचा मोह आवरा.

कुणाच्या ओळखीने जाता

विद्यापीठाची परवानगी, मार्गदर्शकांचं पत्र, नीतिसमिती असेल तर तिची मंजुरी, हे कागद आधी करून घ्या आणि पिशवीतच ठेवा. मी पहिल्या दिवशी शिक्क्याचं पत्र बाहेर काढलं. अर्ध्या तासात गल्लीत बातमी पसरली की घरकुलाचे फॉर्म घेऊन बाई आल्या आहेत. तसं वाटणारच. शहराजवळच्या कुंभारीला विडी कामगारांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिलेली या शहराने पाहिली आहे, २०२४च्या जानेवारीत रे नगरच्या पंधरा हजार घरांचं हस्तांतरण पाहिलं आहे. पत्र घेऊन येणारा माणूस म्हणजे घर, अशी आशा तिथे खरी असते. ती आशा विझवण्यात माझे पुढचे दोन आठवडे गेले.

कारखान्याच्या व्यवस्थापकाच्या ओळखीने गेलात तर बायका तुम्हाला मालकाचं माणूस समजतील. फक्त संघटनेच्या ओळखीने गेलात तर मोर्चात जे बोलायचं तेच तुमच्याशी बोलतील. सगळ्यात बरी वाट म्हणजे गल्लीतलीच एखादी साधी ओळख : शाळेतली सेविका, शिलाईवाली, मैत्रिणीची मावशी. संघटना आणि कारखाना दोघांनाही नंतर भेटा, पण लपवून नाही.

स्वतःची ओळख दोन वाक्यांत सांगता आली पाहिजे, तीही रोज तीच. माझी होती : "मी सरकारी नाही, मी शिकते आहे. तुमचं काम कसं चालतं ते बघून लिहिणार आहे, तुमची नावं लिहिणार नाही, आणि नको वाटलं तर उठ म्हणा." शेवटचं वाक्य मनापासून म्हणा. मला दोनदा उठावं लागलं.

तुम्ही कोण दिसता

पूर्व भागात पद्मशाली समाजाची वस्ती दाट आहे आणि घरात तेलुगू बोलली जाते. कोपऱ्यावर मराठी, बाजारात हिंदी-उर्दू, थोडं पुढे कन्नड. माझ्याशी सगळ्या जणी मराठीत बोलायच्या आणि माझ्याबद्दल तेलुगूत. चहाबरोबर आलेलं हसू कशाचं, हे कळायला मला सात आठवडे लागले. भाषा येत नसेल तर किमान नाती, आकडे, शिव्या आणि 'ही कोण?' एवढं शिकून घ्या. दुभाषा घ्यायचाच झाला तर त्याच गल्लीतला नको, कारण शेजारणीसमोर कोणी शेजारणीविषयी बोलत नाही.

पुरुष अभ्यासकाला दुपारी बायकांच्या घरात बसता येणार नाही. त्याने मग कारखान्याबाहेरची टपरी निवडावी आणि प्रबंधात स्पष्ट लिहावं की मी टपरीवरून पाहिलं. त्यात कमीपणा नाही. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास १९४८ साली म्हैसूरजवळच्या गावात राहिले, तेव्हा त्यांचा मुक्काम गावच्या पाटलाच्या आश्रयाने होता आणि ते ब्राह्मण होते. गाव आपल्याला वरच्या जातींच्या बाजूनेच जास्त दिसलं, हे त्यांनी पुढे मान्य केलं. जात, भाषा, लिंग, गाडी, मोबाइल, आडनाव या सगळ्यांतून लोक तुम्हाला वाचत असतात. पहिल्याच आठवड्यात वहीच्या एका पानावर लिहून ठेवा : यांच्या दृष्टीने मी कोण आहे? महिन्याने तेच पान पुन्हा लिहा.

हाताला काम घ्या

समाजशास्त्रज्ञ रेमंड गोल्ड यांनी १९५८ साली निरीक्षकाच्या चार भूमिका सांगितल्या : पूर्ण सहभागी, निरीक्षण करणारा सहभागी, सहभाग घेणारा निरीक्षक आणि नुसता निरीक्षक. परीक्षेत त्या लिहाव्या लागतात. प्रत्यक्षात एका दुपारीसुद्धा माणूस या चौघांत फिरून येतो.

मला सगळ्यात उपयोगी पडली ती शिकाऊची भूमिका. मी म्हटलं, मला पान कापायला शिकवा. पत्र्याचा तुकडा पानावर ठेवायचा, त्याच्या कडेने कात्री फिरवायची, पानाची शीर कुठे येते ते बघायचं. माझी कापणी इतकी वाईट होती की तीन बायका एकदम बोलायला लागल्या आणि त्या बोलण्यातून चांगलं पान म्हणजे काय, घट्ट विडी म्हणजे काय, छाट काढणाऱ्याचं बोट नेमकं कुठे दाबतं, हे सगळं बाहेर आलं. हेच सरळ विचारलं असतं तर "सरावाने येतं" एवढंच मिळालं असतं. चूक दुरुस्त करताना माणूस न सांगितलेले नियम बोलून जातो.

पण जपून. तुम्ही वाया घालवलेलं पान तिच्या हिशेबात जातं. मी टाकून दिलेल्या तुकड्यांवर शिकले. चांगल्या पानाला हात लावला त्या दिवशी तेवढी पानं विकत आणून दिली. आणि हेही सांगते की आपल्या मदतीची किंमत फार समजू नये. माझ्या वीस विड्या त्या घरातल्या थोरल्या अक्कांनी रात्री उसवून पुन्हा वळल्या होत्या, हे मला दीड महिन्याने कळलं.

पहिले आठ दिवस

विचारू नका, बघा. घराचा नकाशा काढा : उजेड कुठून येतो, कोण कुठे बसतं, सूप कुणाच्या मांडीवर, फोन कुठे, देव कुठे, पाणी कुठे. मोजता येईल ते मोजा. एका तासात किती विड्या, किती वेळा उठावं लागलं, उठायचं कारण काय. वासही लिहा. तंबाखूच्या उग्र वासाने पहिल्या दिवशी माझं डोकं दुखलं आणि पंधराव्या दिवशी तो वास येईनासा झाला. येईनासा व्हायच्या आत लिहिलेलंच पुढे कामी आलं.

वही

आता मुख्य गोष्ट. वस्तीत असताना लांबलचक लिहायचं नाही, फक्त खुणेचे शब्द टिपायचे : 'छाट ४०', 'सासू गप्प', 'डोळ्यांचं औषध'. छोटी खिशातली वही पुरते. समोर वही काढणं अवघड वाटलं तर कोपऱ्यावर जाऊन, रिक्षात बसून टिपा. ध्वनिमुद्रण मी टाळते. यंत्र चालू झालं की सोलापूरची माणसं पुस्तकी मराठी बोलू लागतात आणि 'काय बे' नाहीसं होतं.

मग त्याच रात्री पूर्ण टिपण. उद्या नाही. एक झोप झाली की मेंदू प्रसंगाला गोळीबंद गोष्ट करून टाकतो आणि संवादांचे शब्द तुमचे होतात. एका तासाच्या निरीक्षणाला दीड-दोन तास लेखन धरा. म्हणजे दुपारी तीन तास बसलात तर रात्र गेली. हे गणित आधी केलं की आठवड्यात सात दिवस जाण्याचा उत्साह आपोआप चार दिवसांवर येतो.

माझं पहिल्या आठवड्यातलं एक टिपण असं आहे : "आज विडी कामगार महिलांशी चर्चा केली. त्या अत्यंत कष्टाळू असून आर्थिक स्थिती हलाखीची आहे. छाटीबाबत त्यांच्यात नाराजी आहे." हे सोलापूरला न येताही लिहिता आलं असतं.

सातव्या आठवड्यातलं हे : "दुपारी ३.१०. ओसरीत चौघी, तोंडं दाराच्या उजेडाकडे. थोरली साठीची. धाकटी जाऊ कारखान्यातून आली, पिशवी खाली न ठेवता म्हणाली, 'चाळीस काढल्या.' कोणी वर बघितलं नाही. थोरली (मराठीत) : 'कोण होता?' धाकटी : 'तोच.' थोरली तेलुगूत काहीतरी, दोघी हसल्या, धाकटी नाही. पाच मिनिटांनी थोरलीने स्वतःच्या ढिगातल्या दोन जुड्या धाकटीच्या सुपात सरकवल्या. बोलणं नाही. [माझा तर्क : उसनं? की मदत? विचारायचं.] [मी : धाकटीची दया आली, म्हणून थोरलीचा चेहरा बघायचा राहिला.]"

दुसऱ्यात काय आहे ते बघा. वेळ आहे, जागा आहे, शब्द जसेच्या तसे आहेत, कुठल्या भाषेत बोललं गेलं ते आहे. माझा तर्क आणि माझं मन चौकटी कंसात वेगळं ठेवलं आहे. 'नाराजी' हा शब्दच नाही. त्या दोन जुड्यांवरून पुढे मला कळलं की गल्लीत जुड्यांची उसनवारी चालते, तिचा हिशेब तोंडी असतो आणि तो कधीच चुकत नाही. प्रबंधाचं एक पूर्ण प्रकरण त्यातून निघालं.

स्वतःच्या मनाची नोंद का? मॅलिनोव्हस्कींची खासगी रोजनिशी त्यांच्या मृत्यूनंतर, १९६७ साली छापली गेली. तिच्यात कंटाळा, चिडचिड आणि बेटावरच्या लोकांबद्दलचे वाईट उद्गार निघाले, तेव्हा अभ्यासकांत खळबळ माजली. मला त्यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की चिडचिड सगळ्यांची होते. ती टिपणाच्या शेजारी लिहिलेली असेल तर कुठल्या दिवशीचा डोळा वाकडा होता ते नंतर ओळखता येतं.

आणि प्रती ठेवा. श्रीनिवास यांची वर्षानुवर्षं घडवलेली टिपणं १९७० साली स्टॅनफर्डला लागलेल्या, किंबहुना लावलेल्या, आगीत जळाली. प्रती तीन होत्या आणि तिन्ही जळाल्या. मग त्यांनी गावाचं पुस्तक आठवणीवर लिहिलं. तेवढी आठवण आपल्याला नाही, हे धरून चाला. रोज रात्री पानांचे फोटो काढा आणि ते फोनशिवाय आणखी एका ठिकाणी ठेवा.

गड्डा आणि वारी

सण-जत्रेचं निरीक्षण वेगळं असतं, कारण तिथे एकाच वेळी फार काही घडतं. सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत सात नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतले सेवेकरी, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, होम मैदान असं सगळं बघायला धावलात तर पर्यटक व्हाल. एक नंदीध्वज धरा आणि त्याच्याच मागे चाला : काठी कोण कोणाच्या हाती देतो, खांदा कुठे बदलतो, कोणाला हात लावू देतात. आणि सुरुवात यात्रेच्या दिवशी नको. सराव काही आठवडे आधीपासून चालतो, खरी बोलणी तिथेच होतात.

वारीसाठी मराठीत इरावती कर्वे यांचं उदाहरण हाताशी आहे. त्या पालखीबरोबर पंढरपूरपर्यंत चालल्या आणि त्यावर लिहिलं. एकच नाम घेत चालणारी माणसं जेवायला जातीजातींनी वेगळी बसतात, हे त्यांना खटकलं; ते खटकणं त्यांनी लेखनातून गाळलं नाही, आणि स्वतः दोन्हीकडे ये-जा करत राहिल्या. चालल्याशिवाय जेवणाची पंगत दिसली नसती. पालख्या आपल्याच जिल्ह्यातून जातात, माळशिरस-वेळापूरच्या बाजूने किंवा अकलूजवरून; दोन मुक्काम तरी चालून पाहा.

म्हणणं, करणं, आणि तिसरं कोणी

दर रविवारी आठवड्याची टिपणं वाचून एक पान लिहा : काय पुन्हा पुन्हा आलं, कुठे बोलणं आणि वागणं जुळलं नाही, पुढच्या आठवड्यात काय बघायचं. जुळत नाही तिथेच थांबा. सगळ्या जणी मला सांगायच्या, छाट काढणारा सगळ्यांना सारखाच वाईट. मी अकरा दिवस जमा करण्याच्या वेळी बाहेर बसून मोजलं तेव्हा ते खरं निघालं नाही. काही जणींची छाट सतत कमी होती. त्या चांगलं वळत होत्या, की जुन्या होत्या, की उलट बोलत होत्या? ते कळायला मग मुलाखती, ओळखपत्रावरची वर्षं आणि छाट काढणाऱ्याशी चहा, हे सगळं लागलं. एका डोळ्याने पाहिलेलं दुसऱ्या वाटेने ताडून घेतल्याशिवाय प्रबंधात घालू नका.

नाव बदललं म्हणजे झालं नाही

'अक्का' लिहिलं आणि गल्लीचं नाव तसंच ठेवलं, तर अर्धा पूर्व भाग तिला ओळखतो. वय, मुलांची संख्या, आजार, घराचा रंग यातलं काहीतरी बदला किंवा गाळा. मुलांचे हात कामात दिसले तर फोटो काढू नका आणि घर ओळखू येईल असं लिहू नका. पण मुलांचे हात दिसलेच नाहीत असंही लिहू नका.

सोलापुरात वहीचा आणखी एक इतिहास आहे. काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणाऱ्या ब्रिटिशांच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली इथे सेटलमेंट होती. तारेच्या आत माणसं राहत आणि त्यांची हजेरी लागे. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ला गेला. त्या कुटुंबांच्या नातवंडांत जाऊन वही उघडणार असाल तर वही म्हणजे त्यांच्या आजोबांच्या लेखी काय होतं, हे ठाऊक असू द्या. पहिल्याच दिवशी ती त्यांच्या हातात द्या, काय लिहिलंय ते वाचून दाखवा.

निघताना

जाण्याची तारीख महिनाभर आधी सांगा. एकाएकी यायचं बंद केलं तर गल्लीला वाटतं, बाईचं काम झालं. नंतरही नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथोत्सव असतो, कुणाचं लग्न असतं. बोलावलं तर जा.

आणि लिहिलेलं वाचून दाखवा. मी छाटीचं प्रकरण ओसरीत बसून वाचलं, एका मुलीने जमेल तसं तेलुगूत सांगितलं. थोरल्या अक्कांनी मध्येच थांबवलं. म्हणाल्या, "त्याला एकट्याला कशाला वाईट लिवलीस? त्याची बी छाट निघती वरती." छाट काढणाऱ्यालाही वर कुणाला तरी आकडा दाखवावा लागतो, हे माझ्या एकाही टिपणात नव्हतं. तेवढ्यासाठी मला पुन्हा तीन आठवडे जावं लागलं. म्हणून प्रबंध देण्याची तारीख आणि हे वाचन यांच्यात निदान महिनाभर मोकळा ठेवा, आणि वाचायला जाताना खिशातली वही विसरू नका.